छोटा टॅब कपाटातून बाहेर कसा आला

संपादक साहेब, स. न.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत टॅबवर लेख होता, फोनच एवढे मोठे झालेत तर आता छोटा टॅब घेऊन करायचं काय असा त्याचा एकूण सूर होता. अर्धं पटलं, अर्ध्याने डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. आणि हे पत्र मी फोनवर टाइप करतोय, टॅबवर नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझ्याकडे आठ इंची टॅब आहे. घेतला तेव्हा डोक्यात काय होतं ते आता आठवलं की हसू येतं, म्हणजे ऑफिसचं काम पण त्यावर, पिक्चर पण त्यावर, हिशोब पण त्यावर, मुलीचा अभ्यास पण त्यावरच. पहिला आठवडा कौतुकात गेला. मग लक्षात आलं की ओटीपी येतो फोनवर, मेसेज येतात फोनवर, फोटो काढायला हात जातो फोनकडे, आणि चार ओळींच्या वर काही लिहायचं असेल तर लॅपटॉप उघडावाच लागतो. टॅब आधी टेबलावर, मग टेबलाच्या खणात, आणि मग कपाटात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. दोनेक महिन्यांनी काढला तर ठार मेलेला. चार्जिंगला लावला तरी अर्धा तास काळा ठिक्कर, मला वाटलं गेला कामातून. नंतर कळलं बॅटरी पार तळाला गेली की असंच होतं, आधी हळूहळू करंट घेते आणि बऱ्याच वेळाने ते बॅटरीचं चित्र दिसतं. ज्यांचे टॅब खणात पडलेत त्यांनी घाईने भंगारात काढू नका, थोडा दम धरा.

तर लेखातलं पटलेलं अर्धं हे. छोटा टॅब म्हणजे छोटा कंप्युटर असं समजून जो घेतो त्याची फसगत होते, माझी झालीच. टायपिंगचंच बघा. उभा धरला तर अंगठे कसेबसे मधल्या बटनांपर्यंत पोचतात, आडवा धरला तर पोचतच नाहीत आणि वरून कीबोर्ड अर्धा स्क्रीन खाऊन टाकतो. त्यात मराठी, एखादं जोडाक्षर आलं की तीन तीन वेळा बोट इकडून तिकडे. मी मोठे मेसेज बोलूनच टाइप करतो, पण ते तर फोनवरही होतं, त्यासाठी टॅब कशाला.

तुमच्या लेखकाने जे म्हटलंय ते आयपॅड काढणाऱ्या ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सने २०१० मध्येच म्हणून ठेवलं होतं. त्यावेळी आयपॅड ९.७ इंची होता आणि बाकीच्या कंपन्या सात इंची टॅब आणत होत्या, तर हा माणूस म्हणाला की असल्या टॅबसोबत सँडपेपर पण द्या, म्हणजे लोकांना बोटं घासून बारीक करता येतील. गंमत म्हणजे २०१२ ला त्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी काढला. जॉब्स तेव्हा हयात नव्हता. पण मला विचाराल तर त्याचा मुद्दा साफ खोटाही नव्हता, कारण तो बोटाने बटनं दाबायच्या बाजूने बोलत होता. माझा टॅब कपाटातून बाहेर आला तो बटनं दाबायला नाही, वाचायला.

आता डोकं फिरलेलं अर्धं. लेखात लिहिलंय की ६.७ इंची फोन आणि ८ इंची टॅब यात फरक तो काय, जेमतेम सव्वा इंच. अहो साहेब, तो इंच मोजतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरका! हल्लीचे फोन उंच आणि चिंचोळे असतात त्यामुळे तो आकडा फुगतो. मी फूटपट्टी घेऊन बसलो, बायको म्हणाली आता हेच राहिलं होतं. फोनचा स्क्रीन रुंदीला पावणेतीन इंच भरला, टॅबचा सव्वाचार. क्षेत्रफळ काढलं तर टॅब फोनच्या जवळजवळ पावणेदोन पट. हे तिरक्या मापातून कधीच कळत नाही, आणि दुकानात सगळे तेच माप बघतात.

याचा अर्थ काय ते कामावर कळतं. मी मशीन मेंटेनन्समध्ये आहे, मॅन्युअल आणि सर्किट ड्रॉइंग आता सगळी पीडीएफमध्ये येतात. ए फोर कागद सव्वाआठ इंच रुंद असतो. तो आठ इंची टॅबवर अर्धा होतो, म्हणजे कागदावर १२ पॉइंटचं अक्षर असेल तर इथे ते ६ पॉइंटचं दिसतं, औषधाच्या खोक्यावरच्या बारीक मजकुराएवढं म्हणा, चष्मा लावून वाचता येतं. फोनवर तेच ४ पॉइंट, ते नाही वाचता येत. मग आपण झूम करतो. आता झूम साध्या मजकुराला चालतो, पण सर्किटमध्ये झूम केलं की वायर कुठून निघाली ते स्क्रीनच्या बाहेर जातं आणि कुठे चालली तेही बाहेर, मधला तुकडा फक्त समोर. मग बोटाने सरकवत जायचं, मध्ये एक वळण येतं आणि तुम्ही शेजारच्या वायरवर घसरता. हे माझं एकदा झालंय, भलतंच टर्मिनल खोलून बसलो होतो, सुदैवाने विजेचं पॅनेल बंद होतं. तेव्हापासून टॅब पिशवीत. हां, ए फोरच्या दुप्पट असतो तो ए थ्री कागद, त्यावरचं ड्रॉइंग आलं की छोटा टॅबही हात टेकतो हे खरं, तिथे मोठाच पाहिजे किंवा कागद.

एक छोटी युक्ती सांगून टाकतो. ग्रीसचे हात असले की टॅबला हात लावायची सोय नसते आणि जाड हातमोजे घातले तर स्क्रीनला बोट कळतच नाही, कारण तो दाबाने चालत नाही, बोटातून जो बारीकसा विद्युत परिणाम होतो त्यावर चालतो. पण पातळ प्लॅस्टिकमधून तो चालतो. त्यामुळे साधी पारदर्शक झिपची पिशवी, टॅब आत, झिप बंद, आणि खुशाल काळ्या बोटांनी पानं सरकवा. मोठा टॅब असा शिडीवर एका हातात धरता येत नाही. पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा होता, मिनी आला तो ३०८ ग्रॅमचा, निम्म्याहून कमी. हा फरक टेबलावर बसून कळत नाही, एक हात शिडीला आणि एक हात टॅबला असेल तेव्हा मनगटाला कळतो.

आणि हे काही माझंच डोकं नाही. विमानाचे पायलट पूर्वी नकाशे आणि मॅन्युअलची बॅग घेऊन कॉकपिटमध्ये चढायचे, युनायटेड एअरलाइन्सने २०११ मध्ये ११,००० आयपॅड वाटले आणि प्रत्येक पायलटमागे सुमारे १७ किलो कागद कमी केला. तिथे तो टॅब मेल बघायला नव्हता, पिक्चर बघायला नव्हता, एकच काम. मला वाटतं गोम इथे आहे. फोन सगळ्या कामांचा असतो म्हणून तो कायम खिशात. टॅबला एक काम, एक माणूस आणि एक ठरलेली जागा मिळाली तर तो चालतो, आणि "सगळ्यांचा, सगळ्यासाठी" म्हणून घेतला तर कुणाचाच होत नाही.

सगळ्यांचा कसा होत नाही बघा. अँड्रॉइडमध्ये २०१२ पासून टॅबवर वेगवेगळी युजर प्रोफाइल करता येतात, म्हणजे मुलीचं वेगळं, माझं वेगळं. पण काही कंपन्या ती सोय काढूनच टाकतात, माझ्या टॅबमध्ये नाहीच. आयपॅडवर घरच्या वापरासाठी अशी सोयच नाही. परिणाम असा की मी पॅनेल उघडून उभा आणि वरून पट्टी उतरते, "तुमची मांजर भुकेली आहे, परत या". मुलीचा गेम. अभ्यासासाठी घेतलेल्या टॅबवर ती मांजर आधी पोचली होती हे वेगळं सांगायला नको.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढं पत्र. टॅबचं काम बदललं ते बाबांमुळे.

बाबा ऐंशीच्या पुढे आहेत, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वाचायची हौस मात्र अजून तरुण आहे. फोन त्यांच्या हातात बसत नाही, निसटतो, आणि अक्षर मोठं केलं की एका ओळीत दोन शब्द मावतात, मग ते वैतागतात की हे काय वाचन, जिना उतरतोय का मी. टॅबवर तेच अक्षर मोठं करूनही ओळीत पाच सहा शब्द बसतात, ओळ ओळीसारखी वाटते. पण सुरुवात सोपी नव्हती. त्यांची सवय कॅल्क्युलेटरची, बटन म्हटलं की जोर लावून दाबून ठेवायचं. टॅबवर तसं दाबून ठेवलं की ॲप उघडत नाही, भलताच मेनू येतो, नाहीतर आयकॉन बोटाला चिकटून दुसरीकडे जाऊन बसतो. रोज संध्याकाळी मी घरी आलो की, "अरे, तुझा पेपर पळाला आज परत". शेवटी सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून असतं तिथे गेलो, बोट किती वेळ दाबलं की लाँग प्रेस समजायचा ती वेळ सगळ्यात जास्त केली. आयकॉन पळायचे थांबले! ज्यांच्या घरी म्हातारी माणसं टॅबशी भांडतात त्यांनी आजच हे करा.

दुसरी अडचण, त्यांचं बोट टॅबला कळायचंच नाही. वयाने कातडी कोरडी पडते, तसल्या बोटाचा स्पर्श स्क्रीन नीट पकडत नाही. मी टेम्पर्ड ग्लास काढून बघितली, पेन आणून दिलं, काही नाही. मग एक दिवस बघतो तर बाबा जिभेला बोट लावून पान उलटतायत, आयुष्यभर पुस्तकाचं पान उलटलं तसं, आणि पान झरकन उलटतंय. ओलसर बोट बरोबर कळतं त्याला. मी काही बोललो नाही, स्क्रीन पुसायचं फडकं तेवढं शेजारी ठेवलं.

व्हिडिओ कॉलचं पण तसंच. फोनवर बहिणीला बाबांचं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. टॅब स्टँडवर एका जागी उभा असतो, हात मोकळे, आता पूर्ण चेहरा दिसतो आणि ते बोलताना हातवारे पण करतात.

घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण लेखात यावर अक्षरही नव्हतं. स्वस्तातल्या टॅबमध्ये दोन जीबी रॅम देतात, पहिले सहा महिने बरं चालतं आणि मग ॲप अपडेट होत जातात, टॅब तिथेच राहतो. २०१२ चा गूगलचा नेक्सस ७ टॅब त्यावेळी नावाजलेला, पुढच्या अपडेटनी तो एवढा रखडला की लोकांनी कपाळाला हात लावला. पहिला आयपॅड मिनी पण आयओएस ९ च्या, म्हणजे ॲपलच्या सिस्टिमच्या नवव्या आवृत्तीच्या, पुढे गेलाच नाही. बॅटरी आत चिकटवलेली असते, आपली आपण बदलता येत नाही. म्हणून अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी विचारा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते नंतर, खरं तर विचारूच नका. नुसत्या कादंबऱ्याच वाचायच्या असतील तर टॅबपेक्षा ई इंकचं, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनचं, रीडर डोळ्याला सुखाचं, पण त्यावर व्हिडिओ कॉल होत नाही आणि पीडीएफ पण रडतखडत, म्हणून आमच्याकडे टॅबच.

आता तुमच्याकडे एक तक्रार आहे, बाबांच्या वतीने. तुमचा ई पेपर ते रोज टॅबवर वाचतात. छापील पान टॅबच्या रुंदीच्या तिप्पट असतं, म्हणजे अख्खं पान उघडलं की फक्त हेडिंग दिसतात. बातमीवर बोट ठेवलं की ती वेगळी उघडते, इथवर ठीक, पण ती उघडते फोटो म्हणून. अक्षर मोठं करा म्हटलं की अख्खा फोटो मोठा होतो आणि ओळीचं शेपूट स्क्रीनच्या बाहेर. प्रत्येक ओळीला उजवीकडे सरकवा, परत डावीकडे आणा. अग्रलेखाला बाबांना पाऊण तास लागतो आणि मध्येच पान पुसावं लागतं. तीच बातमी टेक्स्टमध्ये दिलीत तर अक्षर वाढवलं तरी ओळ आपोआप खाली उतरेल, आणि टेक्स्ट तुमच्याकडे असणारच, पान त्यातूनच लागतं ना. निदान अग्रलेख आणि वाचकांची पत्रं एवढं तरी करा, कारण हे पत्र छापून आलं तर ते पण त्यांना असंच सरकवत वाचावं लागणार आहे.

ता. क. टॅब आता बाबांकडेच असतो, दिवसा मागायची सोय नाही. मी मॅन्युअलच्या परत प्रिंट काढायला लागलोय.

आपला,
एक नियमित वाचक