प्रकाशझोतातल्या कबड्डीसाठी काकांचे आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

यंदाच्या हंगामात आपल्या मालवण पट्ट्यातल्या मुलींच्या कबड्डीचे फोटो लोकांनी पाहिले, एकमेकांना पाठवले, घरात फ्रेम करून लावले. त्या फोटोंखाली नाव माझं आहे, म्हणूनच हे पत्र तुमच्या एकट्याच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. त्यामागे तुमची ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे आणि त्याहून जास्त, लग्नसराईच्या धावपळीतूनही तुम्ही माझ्यासाठी काढलेल्या रात्री आहेत.

ज्यांनी आपली मैदानं पाहिलीत त्यांना अडचण लगेच कळेल. भात कापून झालं की मोकळ्या कुणग्यात मैदान आखायचं, कोपऱ्यांना खांब उभे करायचे. एका खांबावर जुने हॅलोजन, दुसऱ्यावर मेटल हॅलाइड, तिसऱ्यावर नवे एलईडी, आणि बाजूला जनरेटरची धडधड. प्रेक्षकांना तेवढा उजेड भरपूर होतो. पण माझ्या साध्या झूमचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, लांबच्या टोकाला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं. तुमच्या लेन्सचं एफ २.८ म्हणजे चौपट उजेड. ज्या आयएसओवर (उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेवर) मला १/१२५ सेकंदाचा शटर मिळायचा, त्याच आयएसओवर तुमच्या लेन्सने १/५०० मिळाला. चढाई करणारीचा पाय हवेत धुरकट दिसणं आणि तिच्या टाचेची माती उडताना दिसणं, यातला फरक एवढाच असतो. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पळणारा खेळाडू थांबवत नाही, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. लाखभराच्या घरातली वस्तू तुम्ही खाऱ्या वाऱ्यात आणि धुळीत एका नवख्या मुलीच्या गळ्यात अडकवलीत. वर म्हणालात, “बाय, लाईट खंय आसा ता आधी बघ, मगे जागा धर.”

त्या जागेसाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. सगळे फोटोवाले बाजूच्या रेषेवर, पंचांच्या मागे गर्दी करतात. तुम्ही मला चढाई करणाऱ्या संघाच्याच मागच्या कोपऱ्यात नेऊन बसवलंत. आधी ते पटेना, कारण चढाईला जाताना खेळाडूची पाठच दिसते. पण पकड झाली की ती वळते आणि मध्यरेषेकडे झेपावते. तेव्हा तिचा चेहरा, ताणलेला हात, कमरेला आणि पायांना बिलगलेल्या चौघी, सगळं समोरून येतं, आणि त्या कोपऱ्यातून पाहिलं तर उजेडही नेमका चेहऱ्यावर पडतो. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे मध्यरेषा अंत्यरेषेपासून ६ मीटर. आपण तीनेक मीटर मागे बसलो तर अंतर झालं नऊ मीटर. एवढ्या अंतरावर माझ्या क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यात २०० मिलिमीटरला रुंदीत जेमतेम एक मीटर मावतो, चेहरा आणि हात, बस्स. सगळी झटापट हवी असेल तर झूम शंभरच्या आसपास आणायचा. आणि एफ २.८ वर २०० ला फोकसची खोली किती? जेमतेम वीतभर! हात टिपला तर डोळे निसटतात. म्हणून फोकस सतत चालू, मधला एकच पॉइंट आणि तो चेहऱ्यावर. शटरच्या बटणाऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावरून फोकस करायची सवय तुम्ही चिकाटीने लावलीत. चढाई तीस सेकंदांची. तेवढा वेळ दीड किलोची लेन्स डोळ्याला लावून धरायची, म्हणून मोनोपॉडही (एका पायाचा स्टँड) तुमचाच.

एक शंका मला फार छळत होती. सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, दुसरा काळवंडलेला, तिसऱ्यात अर्ध्या फ्रेमवर पिवळट पट्टा. कॅमेरा बिघडला असं दुकानात सांगण्यात आलं. तुम्ही चहा पिता पिता उलगडून सांगितलंत: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. हॅलोजनची तार तापलेलीच राहते, तिथे फारसं जाणवत नाही. मेटल हॅलाइड आणि स्वस्त एलईडी मात्र चांगलेच लपलपतात. १/१००० ला शटर त्या लपलपीचा एखादाच तुकडा पकडतं. जनरेटरचा वेग खालीवर झाला की हर्ट्झही हलतात. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर, म्हणजे लपलपीशी शटरचा मेळ घालणारी, सोय चालू केली, आणि गडबड नसलेल्या क्षणांना, म्हणजे टाइमआउट, पंचांचा इशारा, बाकावरच्या मुली, १/१०० वर आले, म्हणजे एक अख्खी लपलप शटरमध्ये मावते. पट्टे गेले. दुरुस्तीचा खर्च वाचला तो वेगळाच.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, मॅन्युअलवर (आपल्या हाती) ठेवायचं, कारण मागचा काळोख पाहून कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरे पडतात. मुली अंग मोकळं करत असतानाच त्यांच्या चेहऱ्यावरून ते ठरवून टाकायचं. आयएसओ ६४०० ला घाबरायचं नाही, कारण काळा फोटो नंतर उजळला तर दाणे त्याहून वाईट येतात. आता हे सगळं हातात बसलं आहे.

लेन्स सांभाळायचं तर तुम्ही मला घरी नेऊनच दाखवलंत. लाकडी कपाट, आत झिरोचा बल्ब, डब्यात सिलिका जेल. आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी यायला वेळ लागत नाही. रात्रीच्या सामन्यानंतर दव आणि खार पुसल्याशिवाय मी झोपत नाही.

या खेळाडू मुलींपैकी बऱ्याच जणींकडे चषकासोबतच्या रांगेतल्या फोटोशिवाय काही नव्हतं. आता त्यांच्याकडे पकड आहे, बोनस आहे, रेषेला टेकलेली बोटं आहेत. यातल्या कशाचेही तुम्ही पैसे घेतले नाहीत, प्रिंटचेसुद्धा नाहीत. मी आग्रह केला तर रागावलात. तेव्हा निदान हे आभार तरी नाकारू नका.

दिवाळीनंतर मैदानं पुन्हा आखली जातील. गुडघ्यामुळे तुम्हाला जमिनीवर बसवत नाही, म्हणून त्या मागच्या कोपऱ्यात एक खुर्ची ठेवायला मंडळाला सांगून ठेवलं आहे. काकूंनाही घेऊन या.

आपली,
तुमची कबड्डीवाली बाय