फाईलवर दुसरे नाव लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

मूल होत नाही म्हणून आपल्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही पहिल्यांदा आलो, तेव्हा पत्नीने चार वर्षांची जाडजूड फाईल आपल्यासमोर ठेवली. एएमएच, थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशा संप्रेरकांच्या तपासण्या, कितीतरी सोनोग्राफ्या आणि दोनदा केलेली एचएसजी, असे सारे तिच्यात होते. ती चाळून आपण एवढेच विचारलेत, ‘यांचा रिपोर्ट कुठे आहे?’ माझा रिपोर्ट नव्हताच. आधीच्या दवाखान्यात कोणी तो मागितला नव्हता, आणि कोणी मागत नाही यातच मी समाधान मानले होते. एचएसजी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून नळ्या पाहण्याची वेदनादायक तपासणी, तिने दोनदा सोसली. माझ्या वाट्याला मात्र दोन ते सात दिवसांचा संयम पाळून डबीत नमुना देणे, एवढेच होते. त्याची लाज मला आजही वाटते.

माझ्या नमुन्यात प्रति मिलिलिटर 60 लाख शुक्राणू निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. तरीही एका रिपोर्टवर न थांबता आपण काही आठवड्यांनी नमुना पुन्हा तपासलात, आणि मग मी काम काय करतो ते विचारलेत. शिरोलीच्या फाउंड्रीतील भट्टीची धग आणि खिशातला तंबाखूचा मावा यांचा या आकड्याशी संबंध असू शकतो, हे मी तेव्हा प्रथमच ऐकले. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत फरक शोधू नका, असेही आपण बजावलेत. मी डिस्पॅचला बदली मागून घेतली. (मावा सोडणे त्याहून अवघड गेले.) आकडा सुधारला, तरी पुरेसा नव्हता; पण पत्नीच्या नळ्या मोकळ्या असल्याने आपण थेट टेस्ट ट्यूब बेबीच्या खर्चात न पाडता आधी आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करून पाहिलात.

दोन प्रयत्न फसल्यावर आई रागानेच सोबत आली होती. माझी संमती विचारून आपण दोघांचे रिपोर्ट तिला शेजारी शेजारी ठेवून समजावलेत. त्यानंतर तिने सुनेला कोणत्याही देवाला नवस बोलायला सांगितलेले नाही.

तिसरा प्रयत्न यशस्वी झाला. पत्नीला आता पाचवा महिना आहे. परवा केसपेपर काढताना आपली बदली झाल्याचे कळले आणि समक्ष बोलायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

आपला कृतज्ञ,
फाईलवरचा दुसरा रुग्ण