क्लिक न करताही होणारा घात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर सुरक्षेविषयीच्या लेखांच्या शेवटी ‘अनोळखी ईमेलमधील लिंकवर क्लिक करू नका, सोबतची फाइल उघडू नका’ ही सूचना हमखास असते. सूचना योग्यच आहे. मात्र आपण हात आवरला की संगणक सुरक्षित राहतो, असा जो समज तिच्यामुळे रुजला आहे, तो धोक्याचा आहे.

ईमेलचे सॉफ्टवेअर मजकूर नुसता दाखवत नाही. त्यातील मांडणी, चित्रे आणि आत बसवलेले घटक उलगडूनच त्याला तो दाखवता येतो, आणि दोष या उलगडण्यातच असेल तर क्लिक करण्याची वेळ येण्याआधीच घात झालेला असतो. हे काही आजचे नाही. १९९९ मधील ‘बबलबॉय’ या वर्मला (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामला) सोबत फाइल लागत नव्हती. आउटलुक एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सॉफ्टवेअरमध्ये तर ईमेलचा प्रिव्ह्यू दिसणे पुरेसे होते. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेला, १० पैकी ९.८ तीव्रतेचा विंडोज ओएलईमधील (एका दस्तऐवजात दुसऱ्या प्रोग्रामचे घटक बसवण्याच्या सोयीतील) दोषही त्याच जातीचा होता: विशिष्ट रीतीने रचलेला आरटीएफ (मांडणीसह मजकूर साठवण्याच्या एका स्वरूपातला) मजकूर उलगडताना मेमरीचा एकच भाग दोनदा मोकळा केला जाई आणि त्यातून हल्लेखोराला आपला कोड चालवण्याची वाट मिळे.

मला सर्वाधिक अस्वस्थ करतो तो मार्च २०२३ मध्ये दुरुस्त झालेला आउटलुकचा दोष. त्यात ईमेलसोबतच्या स्मरणसूचनेच्या आवाजाची फाइल हल्लेखोराच्या सर्व्हरवर असल्याचे नोंदवलेले असे. सूचना वाजण्याची वेळ झाली की आउटलुक आपणहून तिकडे धाव घेई आणि त्या व्यवहारात वापरकर्त्याच्या ओळखीचा एनटीएलएम हॅश (पासवर्डपासून बनलेली सांकेतिक खूण, जिच्या आधारे विंडोज ओळख पटवते) देऊन टाकी. ईमेल उघडावाही लागत नसे. इथे कोणती सावधगिरी बाळगायची?

अशा वेळी कामी येते ते अपडेट, जे आपण ‘नंतर’ म्हणून पुढे ढकलतो (मीही त्यातलाच). अपडेट लगेच शक्य नसेल तर ईमेल साध्या मजकुराच्या स्वरूपात वाचण्याची सोय आहे. ओएलईच्या दोषावर मायक्रोसॉफ्टने तोच तात्पुरता उपाय सुचवला होता, पण आवाजाच्या फाइलपुढे तोही निरुपयोगी.

म्हणून विनंती एवढीच की, अशा दोषाची बातमी देताना तो कोणत्या आवृत्त्यांत आहे, दुरुस्ती कधी आली आणि ती आपल्या संगणकावर बसली आहे की नाही हे कुठे पाहायचे, एवढा तपशील अवश्य छापावा.

आपला,
एक नियमित वाचक