दूरच्या युद्धात सैन्य नेमके कोणासाठी जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सीमेपासून हजारो किलोमीटर दूर चाललेल्या युद्धात एखादे सरकार सैनिक पाठवते, तेव्हा सारी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : तिथल्या शत्रूपासून या देशाला खरोखरच धोका आहे काय? हा प्रश्न अपुरा आहे, असे माझे मत आहे. दूरच्या रणांगणावरचे सैन्य बहुतेक वेळा समोरच्या शत्रूकडे पाहून नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या बलाढ्य मित्राकडे पाहून पाठवले जाते. लोकांना कारण मात्र शत्रूचे सांगितले जाते.

ही रीत जुनी आहे. १८५५ साली पीडमाँट-सार्डिनिया या छोट्या राज्याने सुमारे १५ हजार सैनिक क्रिमियात, फ्रान्स व ब्रिटन रशियाविरुद्ध लढत असलेल्या युद्धात धाडले, तेव्हा रशियाशी त्याचे कसलेही वैर नव्हते. पंतप्रधान काव्हूर यांना इटलीच्या भूमीवरून ऑस्ट्रियाला हटवायचे होते आणि त्यासाठी फ्रान्स व ब्रिटनची मर्जी हवी होती. त्या सैनिकांपैकी लढाईत थोडेच पडले. कॉलऱ्याने त्याहून कितीतरी अधिक नेले. पण १८५६ च्या पॅरिस परिषदेत त्या राज्याला मोठ्या सत्तांच्या पंक्तीला जागा मिळाली आणि १८५९ मध्ये फ्रेंच फौज ऑस्ट्रियाविरुद्ध त्याच्या बाजूने उतरली. तिथे हिशेब जुळला. पुढच्या अनेक सरकारांनी हाच हिशेब मांडला, पण तो तसा जुळेलच याची हमी त्यांना कोणी दिलेली नव्हती.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला विशेष अस्वस्थ करते. २९ एप्रिल १९६५ रोजी पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांनी संसदेत जाहीर केले की, दक्षिण व्हिएतनाम सरकारच्या विनंतीवरून एक पायदळ पलटण तिकडे जाणार आहे. प्रत्यक्षात निर्णय त्या महिन्याच्या सुरुवातीलाच झालेला होता. सायगावचे, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीचे, विनंतीपत्र नंतर मिळवण्यात आले आणि ते ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेराला पोहोचले ते घोषणेच्या अगदी तोंडावर. अमेरिकेने या भागातून पाय काढून घेऊ नये आणि उद्या आपल्यावर वेळ आली तर तिने धावून यावे, ही सरकारची खरी काळजी होती. ती काळजी खोटी नव्हती आणि ती उघडपणे मांडता आली असती. तसे न करता विनंतीपत्राचा आधार घेण्यात आला. त्याच वर्षी वीस वर्षांच्या तरुणांची सक्तीची भरती सुरू झाली, तीही सोडतीने. जन्मतारखांना क्रमांक देऊन त्या क्रमांकांच्या लाकडी गोट्या पिंपात घालत आणि फिरवून एकेक बाहेर काढत. ज्याच्या तारखेची गोटी हाती लागली, त्याची दोन वर्षे सैन्यात. असे १५ हजारांहून अधिक तरुण व्हिएतनामला गेले आणि त्यांपैकी सुमारे २०० परत आले नाहीत. त्यांच्या आईवडिलांना सांगितले गेलेले कारण आणि मंत्रिमंडळाच्या खोलीतले कारण एकच नव्हते, हे कसे विसरायचे?

दक्षिण कोरियाचा व्यवहार तुलनेने उघड होता. १९६४ पासून १९७३ पर्यंत त्या देशाचे तीन लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनामला जाऊन आले आणि सुमारे पाच हजार मारले गेले. बदल्यात अमेरिकेने सैनिकांचा परदेशी भत्ता, कोरियन लष्करासाठी नवी शस्त्रसामग्री, कर्जे आणि कोरियन कंपन्यांना कंत्राटे दिली. १९६६ मध्ये हे सारे लेखी ठरले. पैशाइतकीच मोठी होती ती भीती : आपण गेलो नाही, तर अमेरिका कोरियातल्या आपल्या तुकड्या उचलून तिकडे नेईल. कोरियन सैनिक व्हिएतनाममध्ये लढत असतानाच, १९७१ मध्ये, अमेरिकेने कोरियातली आपली एक संपूर्ण डिव्हिजन मागे घेतली. आणि या व्यवहाराशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांनी काय भोगले? व्हिएतनाममधल्या फोंग न्ही या गावात फेब्रुवारी १९६८ मध्ये कोरियन मरीन सैनिकांनी ७० हून अधिक गावकऱ्यांना ठार केले. त्यातून वाचलेल्या एका स्त्रीला कोरियन सरकारने भरपाई द्यावी, असा निकाल सेऊलच्या न्यायालयाने दिला तो २०२३ मध्ये. हत्याकांड घडले तेव्हा ती लहान मुलगी होती.

जॉर्जियाच्या पदरात तर निराशाच पडली. नाटोचे दार उघडावे म्हणून त्या चिमुकल्या देशाने इराकमध्ये सुमारे दोन हजार सैनिक ठेवले होते. ऑगस्ट २००८ मध्ये रशियाशी युद्ध जुंपले तेव्हा अमेरिकी विमानांनी हे सैनिक मायदेशी आणून सोडले. त्यांच्या जोडीने लढायला मात्र कोणी आले नाही.

सगळेच देश भिडेखातर किंवा मोबदल्यासाठी जातात असे मी म्हणत नाही. इटलीने १९३५ मध्ये आक्रमण केले तेव्हा इथिओपियाने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली आणि पुरेशी मदत मिळाली नाही. त्याच इथिओपियाने सामूहिक सुरक्षेच्या, म्हणजे एकावरचा हल्ला सर्वांनी मिळून परतवण्याच्या, तत्त्वासाठी १९५१ मध्ये कोरियात पलटण पाठवली, याचा मला आदर वाटतो. क्यूबाने १९७५ मध्ये अंगोलात सैन्य उतरवले तेही मॉस्कोच्या हुकमावरून नव्हे, स्वतःच्या निर्णयाने. पण अशी उदाहरणे कमीच.

मित्रासाठी सैन्य पाठवण्यातला सर्वांत मोठा दोष मला पुढेच दिसतो. उद्दिष्ट जर रणांगणावर नसेलच, तर ते साध्य झाले हे ओळखायचे कसे? परतण्याची वेळ मग मित्रच ठरवतो. अफगाणिस्तानात ब्रिटनचे ४५७ सैनिक कामी आले. डेन्मार्कसारख्या छोट्या देशानेही आपली मुले गमावली. परंतु फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा येथे माघारीचा करार झाला, तेव्हा त्यावर सह्या केवळ अमेरिका आणि तालिबानच्या होत्या. जवळपास दोन दशके बरोबर लढलेल्या देशांच्या हाती दुसऱ्याने ठरवलेले वेळापत्रक आले.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. जर्मनीत २००५ च्या कायद्यानुसार सशस्त्र दल परदेशी कामगिरीवर पाठवण्यासाठी संसदेची संमती लागते आणि प्रस्तावात कामगिरी, क्षेत्र, सैनिकांची कमाल संख्या, मुदत व अपेक्षित खर्च नमूद करावा लागतो. असा कायदा प्रत्येक लोकशाहीत असावा आणि त्यात आणखी एक रकाना असावा : सैन्य कोणी मागितले, कधी मागितले, आणि त्याबदल्यात सरकारला काय मिळण्याची अपेक्षा आहे. मुत्सद्देगिरीत सगळे उघड करता येत नाही, असा आक्षेप यावर येईल. शस्त्रांचे तपशील किंवा तुकड्यांच्या हालचाली गुप्त राहाव्यात, हे मान्य. पण ज्याच्या जन्मतारखेची गोटी पिंपातून निघते, त्या वीस वर्षांच्या मुलाला हा रकाना भरलेला पाहण्याचा हक्क जहाजावर चढण्यापूर्वी मिळायला हवा.

आपला,
एक नियमित वाचक