चार कोर, चार रांगा

महोदय,

'चार कोरचा संगणक म्हणजे चौपट काम' ही समजूत गावोगावच्या सेवा केंद्रांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत पक्की बसली आहे. कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. संगणक रेंगाळला की थेट नव्या प्रोसेसरचे दरपत्रक मागवले जाते. पैसा ग्रामपंचायतीचा जातो, म्हणून हे पत्र.

जिनिंगच्या आवारात दोन वजनकाटे असले की कास्तकारांच्या गाड्यांच्या दोन रांगा लागतात. ऑपरेटिंग सिस्टीमचेही तसेच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रत्येक कोरसाठी कामांची वेगळी रांग असते, कारण एकच सामाईक रांग ठेवली तर तिच्या दाराशी कोरच एकमेकांसाठी खोळंबतात. रांगेच्या आत न्याय चोख असतो. २००७ साली, लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत, प्रोग्रामर इंगो मोल्नार यांचा शेड्यूलर, म्हणजे कामांना प्रोसेसरची पाळी देणारा भाग, आला. कोणी किती वेळ वापरला याची वही ठेवायची आणि ज्याने सर्वांत कमी घेतला त्याला पुढची पाळी द्यायची, ही त्याची रीत. २०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून कामाची मुदतही पाहिली जाते. वही मात्र राहिलीच.

घोळ होतो तो दोन रांगांच्या मध्ये. समजा, कोर दोन आणि सतत प्रोसेसर मागणारी सारखी कामे तीन. एका मिनिटात वाटायला १२० सेकंद आहेत, म्हणजे प्रत्येकाला ४० मिळायला हवेत. एका रांगेत एक आणि दुसरीत दोन कामे अडकून राहिली, तर वाटणी होते ६०, ३०, ३०. दोन्ही रांगांचा हिशेब बरोबर, तरी एकाने दुप्पट खाल्ले! म्हणून सिस्टीम अधूनमधून कामे इकडची तिकडे करते, आणि रिकामा झालेला कोर शेजारच्या रांगेतून काम ओढून घेतो. हे फुकटात होत नाही. कामाची माहिती जुन्या कोरच्या कॅशेत, म्हणजे हाताशी असलेल्या छोट्या वेगवान साठ्यात, राहते, नव्या कोरला ती पुन्हा भरावी लागते. शिवाय दुसऱ्या काट्यावर नेलेली गाडी उभी कुठे करायची? दोन्ही वह्यांतले आकडे वेगळे. त्यामुळे जुन्या रांगेत ते काम किती मागे किंवा पुढे होते तेवढाच फरक नव्या रांगेत धरतात. नाहीतर आलेले काम एकतर सगळ्यांच्या पुढे घुसेल, नाहीतर तळाशी पडून राहील.

'नाइस', म्हणजे लिनक्समध्ये कामाचे प्राधान्य कमी-जास्त करणारा आकडा, वापरणाऱ्यांचीही इथेच फसगत होते. आकडा जितका मोठा, तितके वाटणीतले वजन कमी. नाइस ० चे वजन १०२४, नाइस ५ चे ३३५. एकाच कोरवर ही दोन कामे आली तर साधारण ७५ आणि २५ टक्के अशी वाटणी होते. तीच दोन कामे दोन वेगळ्या कोरवर असली, तर दोघांनाही पुरा कोर मिळतो आणि नाइसने काहीच फरक पडत नाही.

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समधल्या सीपीयूच्या आलेखावर उजवी कळ दाबून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. चार चौकोन दिसत असतील आणि डिटेल्समध्ये तुमचा प्रोग्राम सीपीयूच्या २५ टक्क्यांच्या आसपास अडून बसला असेल, तर तो एकाच धाग्यावर (थ्रेड, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या सूचनांची साखळी) चालतो आहे. एक धागा एका वेळी दोन कोरवर चालत नाही. अशा प्रोग्रामसाठी आठ कोर आणले तरी तो तितकाच रेंगाळेल. त्याला हवा एक वेगवान कोर. चारही चौकोन सतत भरलेले असतील तरच जास्त कोरचा विचार करावा. चौकोन रिकामे आणि काम तरी हळू, असे असेल तर दोष बहुधा डिस्कचा, मेमरीचा नाहीतर नेटचा.

'सेट अफिनिटी'मध्ये जाऊन प्रोग्रामला एका कोरला जखडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुतेक वेळा उलटतो, कारण त्या कोरवर गर्दी झाली तरी सिस्टीमला ते काम हलवता येत नाही. 'रिअलटाइम' प्राधान्याला तर हातच लावू नये. माऊस आणि कीबोर्डही अडकू शकतात.

शेड्यूलर वेळ वाटतो, वेग नव्हे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर गेला आणि प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग उतरवतो, मग न्यायाने मिळालेल्या सेकंदातही काम कमीच होते. जिनिंगजवळच्या केंद्रांत पंख्याच्या जाळीवर रुईचा थर बसलेला असतो. दरपत्रक मागवण्याआधी संगणक बंद करून, वायर काढून, तो थर ब्रशने साफ करावा आणि मग आलेख पुन्हा पाहावा.

– संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती