‘संगीतकार कोण?’ एवढे विचारून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील भयपट-संगीताच्या प्रश्नमंजूषेत ‘तुंबाड’चा (2018) संगीतकार म्हणून ‘अजय-अतुल’ हे उत्तर छापले आहे. ते निम्मे बरोबर आहे, आणि निम्मे बरोबर उत्तर साफ चुकलेल्या उत्तरापेक्षा जास्त गोंधळ घालते. अजय-अतुल यांनी शीर्षकगीत केले. वाड्यातल्या त्या विहिरीत दोर सोडून उतरताना कानावर पडते ते पार्श्वसंगीत येस्पर किड या डॅनिश संगीतकाराचे. ‘हिटमॅन’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी तो ओळखला जातो.

आपल्याकडे ‘संगीत’ म्हटले की गाणी, हे ठरलेलेच. श्रेयनामावलीत मात्र ‘संगीत’ आणि ‘पार्श्वसंगीत’ अशा दोन पाट्या येतात आणि भयपटात घाबरवण्याचे काम बहुतेक वेळा दुसऱ्या पाटीवरचा माणूस करतो. रामगोपाल वर्मा यांच्या ‘भूत’मध्ये (2003) गाणी नाहीतच, पण त्या नावाचा गाण्यांचा अल्बम मात्र निघाला होता. गाण्यांच्या अ‍ॅपवर पाहून उत्तर लिहिणारा इथे हमखास फसतो. चित्रपटाचे पार्श्वसंगीत सलीम-सुलेमान यांचे. तेव्हा प्रश्न काढणाऱ्याने चित्रपटाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या, दोन्ही पाट्या थांबवून वाचाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

उलटा प्रकारही आहे. ‘महल’मध्ये (1949) खेमचंद प्रकाश यांचे ‘आएगा आनेवाला’ हे गाणेच भूत होऊन वावरते. गाणे लांबून जवळ येते आहे असा भास हवा होता. त्यासाठी मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई सुरुवातीच्या ओळी गात दुरून त्याच्याकडे चालत आल्या. तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. प्रश्नमंजूषेला यापेक्षा चांगला ऐवज कुठला?

परदेशी चित्रपटांच्या बाबतीत तर ‘संगीतकार कोण’ हा प्रश्न आणखीच निसरडा. ‘द एक्सॉर्सिस्ट’ (1973) म्हटले की सगळे माइक ओल्डफील्ड या ब्रिटिश संगीतकाराचे नाव लिहितात. त्याने त्या चित्रपटासाठी काहीही रचले नव्हते. त्याची ‘ट्युब्युलर बेल्स’ ही तबकडी मे 1973 मध्ये निघाली, चित्रपट डिसेंबरमध्ये आला. लालो शिफ्रिनने खास लिहिलेले संगीत दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने नाकारले, आणि मग ओल्डफील्डच्या त्या तबकडीतला तुकडा आणि पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराच्या आधीच लिहिलेल्या रचना वापरल्या गेल्या. त्या तुकड्याची अस्वस्थता कशात आहे, तेही विचारण्यासारखे. आवर्तन 15 मात्रांचे, 7 आणि 8 असे तुटलेले. कान सोळावी मात्रा धरून बसतो आणि ती येतच नाही.

दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’चे (1963) उत्तर ‘बर्नार्ड हरमन’ या संगीतकाराचे बरेचदा दिसते. हरमनचे नाव आहे, पण ध्वनी सल्लागार म्हणून. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. पक्ष्यांचे कितीतरी आवाज ऑस्कर साला आणि रेमी गासमान यांनी ट्राउटोनियम या जर्मन इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केले. संगीत कानावर पडते ते शाळेतली मुले गातात तेव्हा, किंवा नायिका पियानोवर बसते तेव्हा.

हरमनचा खरा प्रश्न हिचकॉकच्याच ‘सायको’वर (1960) काढावा. न्हाणीघरातल्या खुनाला हिचकॉकला संगीत नको होते. हरमनने तरी लिहिले, ऐकवले, आणि हिचकॉकने मत बदलले. हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो. तो प्रसंग कानाला एवढा का बोचतो, हे मात्र कुणी विचारत नाही. संपूर्ण चित्रपटात फक्त तंतुवाद्ये आहेत. ना पितळी वाद्ये, ना तालवाद्ये. बहुतेक भागांत व्हायोलिन-चेलोच्या घोडीवर म्यूट चढवलेले आहेत, त्यामुळे आवाज दबका, कोरडा येतो. खुनाच्या प्रसंगात ते काढायला लावले आहेत. तास-पाऊण तास झाकून ठेवलेला आवाज एकदम उघडा पडतो. वरच्या पट्टीत व्हायोलिनचा एक गट आघात सुरू करतो, मग खालून एकेक गट त्याच्याशी अर्ध्या स्वराने भांडणारा स्वर घेऊन सामील होतो. पुष्कळांना तिथे पक्ष्याची किंकाळी किंवा इलेक्ट्रॉनिक वाद्य ऐकू येते. आहे फक्त गज आणि तार. एवढे करून ‘सायको’ला ऑस्करची चार नामांकने मिळाली, त्यांत संगीताचे एकही नव्हते.

याच चित्रपटाच्या सुरुवातीचा, वारंवार आपटणारा स्वरमेळ घरच्या पेटीवर वाजवता येतो. पांढरी एक सा धरा. मग काळी दोन, पांढरी पाच, पांढरी सात. म्हणजे सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी. चारही पट्ट्या एकदम दाबा. हेच स्वर पटदीपात आहेत, आणि पटदीपातली ‘मर्मबंधातली ठेव ही’ ऐकून कुणी दचकत नाही, कारण तिथे स्वर एकामागून एक येतात आणि शुद्ध नीला वरच्या षड्जावर विसावायला जागा मिळते. एकत्र दाबले की नी आणि सा एकाच वेळी भांडत राहतात, सुटका नाही.

दिग्दर्शक जॉन कारपेंटरच्या ‘हॅलोवीन’ची (1978) धूनही पेटीवर बसते: प सा सा, प सा सा, प सा, कोमल ध सा. प आणि ध साच्या वरचे घ्यावेत. दहा मात्रा झाल्या म्हणून हा झपताल म्हणू नये. झपतालाची वाटणी 2-3-2-3, इथे 3-3-2-2. लय न बदलता वाजवावी, घाई केली की भीती जाते. पाच ठोक्यांचा (एका ठोक्यात दोन स्वर) हा हिशेब कारपेंटरला वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. श्रेयनामावलीतला ‘बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा’ मात्र अस्तित्वातच नव्हता. कारपेंटर केंटकीतल्या बोलिंग ग्रीन गावात वाढला, तिथले नाव गमतीने घातले. संगीत त्याचे स्वतःचेच, सिंथेसायझरवरचे. पर्यायी उत्तरांत हा वाद्यवृंद खरा म्हणून देणाऱ्या प्रश्नमंजूषा आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

ऑस्करचा सोपा प्रश्न हवाच असेल तर हॉलिवूडचा संगीतकार जेरी गोल्डस्मिथ घ्यावा. एवढी वर्षे काम करून त्याला एकच ऑस्कर मिळाले, तेही ‘द ओमेन’साठी (1976). त्यातल्या लॅटिन समूहगानाला ‘सर्वोत्कृष्ट गीत’ विभागातही नामांकन होते. सैतानाचा जयजयकार त्या यादीत कसा दिसला असेल, याची कल्पनाच करावी!

मराठीतून ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) आणि हृदयनाथ मंगेशकर हवेतच. तिथे प्रश्न गाण्यांचा असल्याचे स्पष्ट लिहावे.

विनंती एवढीच, की पुढच्या खेपेपासून प्रश्नात ‘गाणी’ की ‘पार्श्वसंगीत’ हे नमूद करावे, आणि संगीत आधीच्या तबकडीतून घेतले असेल तर ‘रचना कोणाची’ असे विचारावे. ‘तुंबाड’च्या उत्तराची दुरुस्ती छापताना येस्पर किड लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण द्यावेत. ‘अजय-अतुल’ लिहिणाऱ्यांचे गुण कापू नयेत. प्रश्नच तसा विचारला होता.

आपला,
प्रश्नमंजूषेचा एक वाचक, सांगली