नव्या घराचा पत्ता

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. ऑफिस, तब्येत सगळं ठीक, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. व्हिडिओ कॉलवर माझं रिकामं घर बघून आई रडली, असं बाबा म्हणाले, म्हणून हे पत्र.

आई, मला कुणीही फसवलेलं नाही. जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा असंच मिळतं. स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती, नळाची जोडणी, सांडपाण्याचा पाइप आणि शेगडीसाठी विजेचं कनेक्शन. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. छताला दिव्यांऐवजी वायरी. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर सुटं करून पुढच्या घरी घेऊन जातो, अगदी सिंकसकट! नाहीतर येणाऱ्याला विकतो; त्या रकमेला 'आब्लोझे' म्हणतात. माणसं भाड्याच्या एकाच घरात वर्षानुवर्षं राहतात, तेव्हा पलंगासारखा ओटाही त्यांचाच. मी आधीच्या बाईंचा ओटा आणि शेगडी घेतली आहे. 'दोन खोल्या' ऐकून काळजी करू नका: इथे स्वयंपाकघर, बाथरूम खोल्यांत मोजत नाहीत. म्हणजे हॉल आणि बेडरूम, तुम्ही दोघं आलात तरी पुरेल.

बाबा, दुबईला गेले असते तर जवळ पडलं असतं, हे मला कळत नाही का? पण तिथे वर्षाचा करार, आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच देऊन ठेवायचे. सिंगापूरला माझ्या बजेटमध्ये दुसऱ्याच्या फ्लॅटमधली एक खोलीच बसत होती. इथे माझ्या कराराला मुदतच नाही. मला सोडायचं तर 3 महिन्यांची नोटीस. मालकाला मात्र कायद्यात बसेल असं कारण द्यावं लागतं. लहानपणी करार संपला की आपण सामान बांधायचो, ते मी विसरले नाही. मला तसं सोडावं लागणार नाही असं घर हवं होतं.

आता पैशांचं. डिपॉझिट जास्तीत जास्त 3 महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकं, हीटिंग वगैरे न धरता. ते बुडणार नाही. मालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवावं लागतं, व्याजही माझंच. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, तसंच देतेय. म्हणून दोन महिने घरी कमी पाठवले. आधी सांगायला हवं होतं.

दादाच्या लग्नाच्या हॉलचे पैसे मी देणार म्हटलं होतं, ते देणारच. डिपॉझिटचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात संपतोय. साखरपुड्याला नव्हते, लग्नाला आठ दिवस आधी येते, रजा मंजूर झाली आहे. आणि ते स्थळ, 'मुलगी परत येणार का' विचारतात ना? त्यांना खरं सांगा, सध्या नाही. तुमची अडचण होते आहे, कळतं मला.

बाबा, एफडी मोडू नका. हॉलवाल्याकडून 15 तारखेपर्यंत मुदत मागा, मी त्याआधी पाठवते.

तुमची,
छोटी